कोकिळेबरोबर पाचला उठतो, दुपारी झोपत नाही. 22 महिन्यांच्या मुलाचा दिवस कसा लावू?

पिंपळपान, सातारा
29 मार्च 2026, रात्री 10.50

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात विचारलं की 'सवय लावा' एवढंच उत्तर येतं, आणि आमच्याकडे सवय होती, चांगली लागलेली होती.

मुलगा 22 महिन्यांचा आहे. घरात सगळे त्याला सोन्या म्हणतात. फेब्रुवारी संपेपर्यंत रात्री नऊला झोपायचा, सकाळी साडेसहाला उठायचा आणि दुपारी दीड ते साडेतीन गाढ झोप. होळी झाली आणि सगळं विस्कटलं.

आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून शेजाऱ्यांचा आंबा आहे. पाचच्या सुमारास, बाहेर अजून मिट्ट काळोख असताना, त्यावर कोकीळ सुरू होतो. आधी एक-दोनदा हळू, मग आवाज चढत जातो. सोन्या अंथरुणात उठून बसतो. माझ्या गालावर हात ठेवून कानाशी येऊन म्हणतो, "आई, कूऊ." मी थोपटते, गाई गाई करते, पण एकदा जागा झाला की झाला. दहा मिनिटांत चपला हातात घेऊन दारापाशी उभा. "भूर."

मी एका पतसंस्थेत आहे. मार्चअखेर म्हणजे काय ते इथल्या बऱ्याच जणींना माहीत असेल. गेले तीन आठवडे घरी यायला साडेआठ-नऊ होतात. आज रविवार असूनही सहा तास कामावर होते. पाडव्याची सुट्टी तेवढी मिळाली. त्या दिवशी त्याने कडुनिंबाची चटणी चाटून तोंड एवढंसं केलं आणि लगेच पुन्हा आ केला, कारण गुळाची चव मागून लागली. तेवढा एकच दिवस पूर्ण माझा होता. नवरा शिरवळला जातो, साडेसहाला निघतो. म्हणजे दिवसभर सोन्या आणि सासूबाई. त्यांचं वय 67, उजवा गुडघा दुखतो.

शुक्रवारी एक कागद राहिला म्हणून दुपारी साडेबाराला अर्ध्या तासासाठी घरी आले. घरात कोणी नाही. गच्चीवर गेले तर सासूबाई कुरडया घालत होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू, त्याचा चीक त्या पहाटेच शिजवून बसल्या होत्या, तो गार होण्याआधी सोऱ्यातून काढायलाच हवा. जुनं सुती लुगडं पसरलेलं, त्यावर ओळीने पांढरी वेटोळी. आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत, छत्री उघडून ठेवली होती तिच्या खाली सोन्या. हातात वाटी, वाटीत चीक, दूध, साखर. तोंडभर चिकाचे पांढरे डाग आणि चेहरा लालबुंद. मला पाहून "आई, पापड" म्हणून ओली कुरडई उचलून दाखवली. इतका खूश होता की मला रागवायचं काही सुचलंच नाही. पण झबलं काढलं तर मानेवर आणि पाठीवर घामोळ्यांचा सडा.

मला सासूबाईंची तक्रार मुळीच करायची नाही. वर्षाच्या कुरडया, सांडगे, साबुदाण्याचे पापड हे सगळं त्या आमच्यासाठीच करतात, आणि गच्चीवर न्यायचं नाही तर पोराला एकट्याने खाली ठेवायचं का? त्यांनी त्यांच्या परीने छत्री लावलीच होती.

दुपारी तो झोपत नाही. नाही नाही म्हणत चार वाजता जेवणाच्या ताटापुढेच पेंगतो, पाऊण तास झोपतो, रडत उठतो. मग रात्री साडेदहापर्यंत टक्क जागा, दारात बसून माझी वाट पाहत. पुन्हा पाचला कूऊ. सगळं मिळून साडेसात तास झोप होत नाही. या वयाला दिवसाची धरून 11 ते 14 तास हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. मी रोज वहीत लिहिते आणि पोटात गोळा येतो.

कोकिळेला तर गप्प करता येत नाही. मग सुरुवात कुठून करू? पहाटेची झोप लांबवायची, दुपारची आधी घ्यायची, की रात्रीची? आणि सासूबाईंना जमेल असंच सांगा, कारण दिवसा मी नसते.

---

कूलरवाला बाप, नागपूर
29 मार्च, रात्री 11.35

पोरगी अडीच वर्षांची. मागच्या वर्षी हेच झालं होतं, म्हणून लिहितो.

दुपारची झोप उशिरा होते म्हणून सगळं बिघडतं. पाचला उठलेलं लेकरू साडेअकरापर्यंत थकलेलंच असतं जी. आपण मात्र घड्याळ पाहून दीडची वाट बघतो. तेवढ्यात त्याची झोपेची वेळ निघून जाते आणि मग ते दुप्पट जोराने धावतं. आम्ही अकराला आंघोळ, सव्वाअकराला वरण-भात, पावणेबाराला पडदे ओढून अंधार, असं केलं. पहिले तीन दिवस रडारड झाली. चौथ्या दिवशी ती स्वतःच उशी घेऊन आली.

आमच्याकडे होळी आटोपली की कूलर निघतो, वाळ्याच्या ताट्या बदलतात. साताऱ्यात तेवढी गरज नसेल, पण पंख्याची किंवा कूलरची एकसुरी घरघर असली की बाहेरचा पक्षी कमी ऐकू येतो, हा फायदा मोठा आहे. कूलर लावलाच तर समोरची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट कोंडी होते आणि घामोळं वाढतं. झोत अंगावर सरळ नको.

बागेत नेत असाल तर लोखंडी घसरगुंडीला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून बघा. इथे दहा वाजताच तवा होतो. आमच्या पोरीच्या मांडीला एकदा चटका बसला. तेव्हापासून मी हात लावल्याशिवाय तिला शिडीवर चढू देत नाही.

---

म्युनिकहून
29 मार्च, रात्री 11.50

तुमचा धागा आजच दिसावा याचं नवल वाटलं. आज पहाटे आमच्याकडे घड्याळं एक तास पुढे गेली. मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात. मुलगा दोन वर्षांचा. काल जो आठला झोपला, त्याला आज आठ वाजता शरीर सांगतंय की सातच वाजलेत, आणि खिडकीबाहेर अजून पूर्ण अंधारही नाही. जूनमध्ये तर इथे सव्वानऊला सूर्य मावळतो. मागच्या उन्हाळ्यात तो खिडकीकडे बोट दाखवून "दिवा" म्हणायचा आणि उभा राहायचा.

आमच्या डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं, की लहान मुलाचं आतलं घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे जाग आल्याबरोबर दिवा लावला, मोबाइल दाखवला, दूध दिलं, की शरीर तीच सकाळ धरतं आणि उद्या पुन्हा त्याच वेळेला उठतं. म्हणून पाचला उठला तरी दिवा लावू नका. बोलायचं ते कुजबुजून. आणि संध्याकाळी सातपासून घरातले मोठे दिवे बंद. वेळ बदलायची तर रोज दहा-पंधरा मिनिटांनीच सरकवायची, एकदम तासभर नाही.

इथे वसंतात पहाटे 'आम्झेल' नावाचा काळा पक्षी गातो. फार गोड गातो, आणि माझा मुलगाही त्यानेच उठतो. पण माझ्या मुलाने कोकीळ अजून ऐकलेला नाही. तुमच्या सोन्याचं 'कूऊ' वाचून रडू आलं, खोटं कशाला सांगू.

---

परिचारिका ताई, बारामती
30 मार्च, सकाळी 7.10

दोनच गोष्टी. घामोळ्यांवर पावडर थापू नका. ती पावडर नाकातून छातीत जाते आणि घामाने तिचा लगदा होऊन उलट चोंदतं. साध्या कोमट पाण्याने दोनदा आंघोळ, टिपून कोरडं करा, सैल सुती झबलं घाला, घरात असेल तर उघडाच राहू दे. पुवाळलं किंवा ताप आला तर दवाखाना.

दुसरं, पाणी किती पितो ते बघा. सहा तासांत लघवी झाली नाही, झालेली गडद पिवळी दिसली, ओठ-जीभ कोरडी, रडतोय पण डोळ्यांतून पाणी नाही, बाळ मलूल पडलंय, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. जलसंजीवनीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने वाटीभर पाण्यात घालू नये. कालवलेलं 24 तासांनंतर टाकून द्यायचं.

आणि 16 ते 24 महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर झालाय ना? कार्ड एकदा बघा. मार्चच्या गडबडीत बऱ्याच जणींचं राहतं.

---

रत्नागिरीची आजी
30 मार्च, दुपारी 3.20

मी 72 वर्षांची आहे. तीन नातवंडं या हातांनी मोठी झाली. तुमच्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते, रागावू नका हो.

67व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्याने दोन वर्षांच्या पोरामागे धावणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्याला उन्हात ठेवायची त्यांना हौस नाही. त्यांना एका जागी बसून राहता येईल असा पोराचा खेळ हवाय. तो देते.

घरात घंगाळं असेल ना जुनं? नसेल तर मोठं पसरट पातेलं चालेल. मागच्या दारी सावलीत ठेवायचं, त्यात चार बोटं पाणी, दोन फुलपात्रं, एक चहाची गाळणी. शेजारी सासूबाईंना पाट नको, खुर्ची. पोर या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओततं, सांडतं, पुन्हा भरतं. अर्धा तास कुठे जातो कळत नाही, अंग गार होतं आणि आंघोळही होऊन जाते. तिथून उठवून पुसून भरवलं की डोळे मिटायला लागतात. पण एक पक्कं, पाण्यापाशी क्षणभरसुद्धा एकटं सोडायचं नाही. फोन वाजला तर पोराला उचलून घेऊन जायचं. आणि खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाकायचं.

कुरडया पहाटे शिजवून सातला घालायला घ्या, साडेनऊपर्यंत आटोपतात. एका रविवारी तुम्ही सोऱ्या धरा. दोघींत निम्म्या वेळात होतं आणि त्यांनाही बरं वाटेल.

आता मुख्य. पोर पाचला उठतं, तर तुम्ही त्याला झोपवायला इतक्या धडपडता कशाला? दिवसभर तुम्ही नसता. रात्री दारात बसून तो कोणाची वाट बघतो? तुमचीच. मग पहाटेचा तो वेळ त्याला द्या की. उजाडलं की घेऊन बाहेर पडा, सातपर्यंत परत या. तेवढं कोवळं ऊन अंगाला चांगलं. तुम्ही भेटलात की तो रात्री तुमच्यासाठी जागा राहणार नाही, असं माझं मन सांगतं.

---

पिंपळपान, सातारा
30 मार्च, रात्री 9.40

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा शेवटचा परिच्छेद कामावर जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि डबा तसाच बाजूला ठेवला. तो माझी वाट बघत जागतो हे मला दिसत होतं. पण त्याला पहाटे मीच हवी असेन आणि मी त्या वेळी त्याला पुन्हा झोपवायला बघत होते, हे डोक्यात आलं नव्हतं.

ताई, कार्ड पाहिलं. बूस्टर झालाय, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय. या आठवड्यातच नेते. बरं झालं विचारलंत.

उद्या 31. परवापासून सुरू करते.

---

पिंपळपान, सातारा
12 एप्रिल, दुपारी 1.15

बारा दिवसांनी लिहितेय. सोन्या झोपलाय, सव्वाबारापासून. म्हणून दुपारी लिहायला मिळतंय.

एक ते चार एप्रिल वाईट गेले. पावणेबाराला अंधार केला की पडदा ओढून बाहेर बघायचा, सासूबाईंना "आजी, ऊन" म्हणून हाताला धरून ओढायचा. एक दिवस त्याही रडकुंडीला आल्या आणि मला फोन केला. मी म्हटलं, आई, आज राहू दे, उद्या बघू. पाचव्या दिवशी घंगाळं मिळालं. माळ्यावर होतं, सासूबाईंच्या सासूबाईंचं. तांब्याचं, कडीवालं, हिरवं पडलेलं. चिंच-मिठाने घासायला मला आणि त्यांना एक तास लागला. सोन्या शेजारी बसून एक चिंचोका घेऊन तसंच घासत होता. मग तो चिंचोका तोंडात जाण्याआधी काढून घेतला.

आता रोज साडेदहाला मागच्या दारात घंगाळं. फुलपात्र दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून तो पाणी ओततो. धार नेमकी दुसऱ्या फुलपात्रात पडली की मान वर करून आधी आजीकडे बघतो. सासूबाई खुर्चीत बसून भाजी निवडतात. मला म्हणाल्या, "गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा गुडघा ठणकला नाही." त्यांनी माझ्याकडे आधी कधी गुडघ्याचं काढलंच नव्हतं.

पहाटे कोकीळ आहेच. दिवा लावत नाही. अंधारात मांडीवर घेऊन बसते, तो "कूऊ" म्हणाला की मीही हळूच म्हणते. सव्वासहाला फटफटतं तेव्हा इथल्या 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूच्या चढाने निघतो. त्याच्या पायाने फार लांब जाणं होत नाही, पहिल्या वळणावरचा पिंपळ हीच आमची हद्द. वाळलेली पानं खाली पडलीत, त्यावर पाय देतो आणि कर्रकन वाजलं की "पापड." वर नवी पालवी तांबूस, उजेड पडला की काचेसारखी दिसते. त्याच्या पुढे करंजाचं एक झाड आहे. आता त्याची फुलं गळायला लागलीत, पांढरी-जांभळट, बारीक, रस्ताभर सडा. सोन्याला ते चुरमुरे वाटतात. दोन मुठी भरतो आणि चाखायला निघतो, म्हणून मी पदर पुढे करते, "इकडे घाल, आजीला देऊ." मग एकेक करून मोजल्यासारखं घालतो. तांबट टुकटुक करत असतो, तो दिसत नाही, पण सोन्या झाडाभोवती फिरून "कोण?" विचारत राहतो. हा 'कोण' शब्द त्याने माझ्यासमोर पहिल्यांदा म्हटला. मार्चमध्ये त्याचे सगळे नवे शब्द मला सासूबाईंकडून कळत होते.

आता वहीतले आकडे. काल रात्री आठ ते पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, दुपारी दोन तास. अकरा तास दहा मिनिटं झाली. पाचला उठणं काही गेलेलं नाही, पण आता मी त्याची धास्ती घेत नाही. घामोळी मानेवरची गेली, पाठीवर थोडी आहेत. डोस झाला, एक दिवस कणकण होती.

गेल्या रविवारी सांडगे घातले, सकाळी सातला, आजी म्हणाल्या तसे. मी मिरच्या कुटल्या, सासूबाईंनी हात फिरवला. म्युनिकताई, कोकिळेचा आवाज फोनवर घेऊन ठेवलाय, मागे सोन्याही ओरडतोय. मुलाला ऐकवायचा असेल तर पाठवते.

आजी, एक विचारायचं होतं. शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. पन्हं सोन्यालाही द्यायचंय. गूळ किती घालू?

---

रत्नागिरीची आजी
12 एप्रिल, दुपारी 4.05

कैऱ्या उकडून गर काढा, गर वाटीने मोजा. पाहुण्यांसाठी गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, कैरी किती आंबट आहे त्यावर. चिमूटभर मीठ, वेलदोडा, असेल तर केशराच्या दोन काड्या. सोन्याचं आधी वेगळं काढून ठेवा, त्याला गराएवढाच गूळ पुरे, आणि पाणी जास्त. माठातलं घ्या, फ्रीजमधलं नको. फुलपात्रातच द्या, आता त्याला सवय झालीये. आंबेडाळीतली हिरवी मिरची मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नका हो, डोळे चोळेल.